लिफ्टवाल्या ताईनं जोडलेलं विमान

टोपणनाव माणसाला चिकटतं ते बहुधा त्याच्या एखाद्या खोडीवरून. फ्यूजताईला ते तिच्या कामावरूनही चिकटलं आणि रागावरूनही. गल्लीत कुणाकडे दिवे गेले की पहिली हाक ताईला जायची, आणि ताई आली की दिवे लागायच्या आधी घरमालकाचा उद्धार व्हायचा. "फ्यूजच्या जागी जाडजूड तार कोंबलीय? शाबास! घर जाळायचा मुहूर्त काढलाय का?" एवढं बोलून झालं की ती बाह्या सरसावायची आणि पाच मिनिटांत घर उजळायचं. लोक तिला घाबरायचे आणि तिच्यावाचून त्यांचं पानही हलायचं नाही.

चौतीस वर्षं तिनं लिफ्टच्या कारखान्यात कंट्रोल पॅनल जोडले. त्या खात्यातली ती पहिली बाई. पहिली दोन वर्षं तिथले पुरुष तिच्या हातात पक्कड द्यायला बिचकायचे, पुढची बत्तीस वर्षं तिच्या हातातली पक्कड बघून बिचकायचे. तिच्या पॅनलचं दार उघडलं की आतल्या तारा नुकत्याच विंचरलेल्या केसांसारख्या सरळ दिसत. लग्न तिनं केलं नाही. का केलं नाही हे तिनं कधी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही.

लिफ्टच्या कामात तिनं एकच धर्म पाळला. शंका आली की थांब. दार पुरतं लागलं नाही, थांब. दोर ढिला वाटला, थांब. मोटर तापली, थांब. एकामागे एक स्विच ओवायचे, माळेसारखे. त्यातला एक जरी सुटला तरी वीज तुटते आणि लिफ्ट जागच्या जागी गपकन उभी राहते. आत माणूस अडकतो, शिव्या घालतो, पण जिवंत असतो. आपण जोडलेल्या लिफ्टमध्ये आजवर कुणाच्या नखालाही धक्का लागला नाही, हे ती भेटेल त्याला सांगायची. भेटलेला माणूस घाईत असला तर दोनदा सांगायची.

तर अशा या बाईच्या धाकट्या भावानं घरामागच्या शेडमध्ये विमान बांधायला घेतलं.

भाऊ सुतार. दारं, कपाटं, जिने करणारा. हात असा की त्याच्या कपाटाचा खण ढकलला तर शेवटचा बोटभर तो आपोआप, हवेवर तरंगत आत जावा. गावाबाहेरच्या फ्लाइंग क्लबात तो हौसेनं उडायला शिकला, परवाना मिळवला आणि मग त्याला दुसऱ्याच्या विमानात बसणं गोड लागेना. त्यानं नकाशे मागवले आणि लाकडाचं, दोघांपुरतं विमान करायला बसला. नऊ वर्षं तो ते करत होता. भावजय शिवणकाम करणारी. पंखांवरचं कापड तिनंच शिवून दिलं, टाका न टाका सारखा. पण शिवण संपली त्या दिवशी तिनं सुई टाचण्यांच्या उशीत खोचली आणि नवऱ्याला सांगितलं, "शिवायला सांगितलंत, शिवलं. आता यात बसून उडायचं म्हणाल तर माझी परवानगी नाही."

"अगं, मग नऊ वर्षं काय शोकेस बांधत होतो?"

"ते मला विचारू नका. यातलं लाकूड तुमचं, त्याचा मला भरवसा आहे. कापड माझं. पण ते इंजिन विजेवर चालतं, आणि विजेतलं तुम्हाला ओ की ठो कळत नाही. घरातला पंखा सुद्धा वन्सं येऊन दुरुस्त करतात."

हे अगदी खरं होतं. जुन्या धाटणीची विमानाची इंजिनं आपली ठिणगी आपणच तयार करतात, त्यांना बाहेरच्या विजेची गरज नसते. तसलं इंजिन भावाला मिळालं नव्हतं. त्यानं मोटारीचं इंजिन बसवलं होतं. त्याला बॅटरीची वीज मिळाली तरच ठिणगी पडणार आणि तरच पेट्रोलचा पंप फिरणार.

ताईनं शेडमध्ये येऊन इंजिनाभोवती एक फेरी मारली. "म्हणजे वीज गेली की हे बंद?"

"बंद."

"आणि तू वर?"

"मी वर," भाऊ म्हणाला. "थोडा वेळ."

भावजय दारातच उभी होती. ती म्हणाली, "वन्सं, वायरिंग तुम्ही करणार असाल तरच मी पुढचं बोलेन. नाहीतर हे विमान इथंच राहील, मी त्यावर कपडे वाळत घालीन." ताईनं भावाकडे पाहिलं. पन्नाशी गाठलेला तो माणूस, शाळेची सहल रद्द होतेय की काय अशा चेहऱ्यानं उभा होता. ताईचा जीव या एकाच माणसात अडकलेला होता. तिनं होकार दिला.

सात आठवडे ती शेडमध्ये राबली. काम असं देखणं झालं की भाऊ क्लबातल्या लोकांना आणून आणून दाखवायचा. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना कापडी चिठ्ठी, चिठ्ठीवर भावजयीनं दोऱ्यानं काढलेला आकडा. आणि मधोमध ताईचा जुना धर्म, तीच माळ. बसायच्या जागेवरचं झाकण नीट लागलंय का ते बघणारा स्विच, इंजिन तापलंय का ते बघणारा, तेलाचा दाब बघणारा. तिन्ही एकामागे एक ओवलेले. एक सुटला की वीज तुटेल.

पहिल्यांदा इंजिन सुरू केलं ते रविवारी सकाळी, क्लबच्या मैदानावर. शेपटी दोरानं खांबाला बांधलेली, चाकांना लाकडी ठोकळे. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. भावाच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की बघणाऱ्यालाही हसू यावं. चार मिनिटं झाली. मग थरथरीनं झाकणाचा खटका किंचित हलला, स्विचची जीभ सुटली, आणि इंजिन खाडकन बंद पडलं. नाकावरचा पंखा दोन वेळा डुलला आणि उभा राहिला.

ताईनं चक्क टाळी वाजवली. "बघितलंस? झाकण हललं, लगेच थांबलं! याला म्हणतात सुरक्षित काम."

भावजय शांतपणे म्हणाली, "वन्सं, वर असतं तर ते कुठे थांबलं असतं?"

भाऊ आतमध्ये गुडघ्यांकडे बघत बसला. ताईनं पक्कड पिशवीत टाकली आणि ती घरी निघून गेली.

दोन दिवस ती कुणाला भेटली नाही. आपल्याला राग आलाय असं तिला आधी वाटलं. तो राग नव्हता, शरम होती. आयुष्यभर जे पुण्य म्हणून केलं तेच भावाच्या जिवावर उठलं होतं, आणि ते तिला कळलं नव्हतं. शिलाई मारणाऱ्या बाईला कळलं. लिफ्टला थांबायला जमीन असते, निदान दोर तरी असतो. विमानाला थांबायला काहीच नसतं. ते चालत राहिलं तरच सुरक्षित. तिसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन शेडमध्ये हजर झाली आणि सात आठवड्यांचं काम एका सकाळीत उपटून काढलं. भाऊ कळवळला. "अगं ताई, निदान अर्धं तरी राहू दे!"

"अर्धी चूक ठेवून काय करू? लोणचं घालू?"

मग तिनं भावजयीकडून कापड बेतायचा मोठा कागद मागून घेतला, शेडच्या भिंतीवर ठोकला आणि त्यावर विजेचा एकेक भाग लिहून काढला. रोज संध्याकाळी ती भावाला त्या कागदासमोर उभा करायची.

"हा स्विच मेला. पुढे काय?"

"काय अभद्र बोलतेस!"

"तो मरणारच आहे. नवा असला तरी मरणार. कधीच मरणार नाही असा भाग अजून जन्माला आलेला नाही. कधी मरेल ते आपल्या हातात नाही. तो मेल्यावर काय होईल एवढंच आपल्या हातात आहे. बोल, पुढे काय?"

या एका प्रश्नातून सगळं नवं काम उभं राहिलं. बॅटऱ्या दोन झाल्या. प्रत्येक सिलिंडरला ठिणगीच्या दोन जागा, पेट्रोलचे पंप दोन. एक जोडी पहिल्या बॅटरीच्या वाटेवर, दुसरी जोडी दुसऱ्या बॅटरीच्या. स्विच वेगळे, फ्यूज वेगळे, तारा सुद्धा विमानाच्या दोन वेगळ्या बाजूंनी नेलेल्या, म्हणजे एका बाजूला काही घासलं, जळलं तरी दुसरीला त्याचा पत्ता लागू नये. दोन्ही वाटा एकदमच चालू. एक गेली तर इंजिनाचा जोर थोडासा कमी होईल, बंद पडणार नाही. झाकणाच्या, तापमानाच्या आणि तेलाच्या दाबाच्या स्विचांना तिनं माळेतून काढलं आणि नुसत्या दिव्यांना जोडलं. "तुमचं काम सांगायचं," ती त्यांना बजावत होती, "थांबवायचं नाही. थांबायचं की नाही ते वर बसलेला ठरवील." स्विचांशी बोलणारी ताई बघून भावाला हसू यायचं, पण त्याची हसायची टाप नव्हती. प्रत्येक तारेचा जोड तिनं दोन्ही हातांनी ओढून बघितला. जो सुटायचा तो आत्ताच सुटू दे, असं तिचं म्हणणं. अकरा सुटले. अकराही पुन्हा केले.

शेवटी पत्त्याएवढं एक कार्ड तयार झालं. लाल दिवा लागला तर काय करायचं, त्याच्या चार ओळी. पहिली ओळ होती: काहीही करू नकोस, विमान सरळ ठेव. भावानं विचारलं, हे काय लिहिलंस? ताई म्हणाली, "घाबरलेला माणूस पहिल्यांदा चांगला स्विच बंद करतो. मी चौतीस वर्षं बघितलंय."

विमान पुन्हा मैदानावर आणलं, पुन्हा खांबाला बांधलं. या वेळी ताईनं पक्कड आणि पाना भावजयीच्या हातात दिला आणि तिला भावाशेजारच्या जागेवर बसवलं.

"मी कशाला? मला काय कळतंय?"

"म्हणूनच. माझं काम मीच तपासलं तर माझा हात माझ्या चुकीला वळसा घालून जाईल. तू शत्रू हो. इंजिन चालू असताना तुला हवं ते काढ. पुढ्यातल्या फळीमागे वाटेल तिथे हात घाल, धक्का बसण्याइतकी वीज नाही त्यात. इंजिन बंद पाड. पडलं तर तू जिंकलीस, विमानावर कपडे वाळत घाल."

भावजयीनं हे आव्हान मनावर घेतलं. इंजिन घरघरायला लागल्यावर तिनं पहिला फ्यूज उपटला. इंजिन चालू. तो परत लावून दुसरा उपटला. चालू. पहिली बॅटरी सोडवली, परत लावली. दुसरी सोडवली. चालू. लाल दिवे लागत होते, विझत होते, आवाज कधी किंचित उतरत होता, पुन्हा चढत होता. बाहेर ताईची मान ताठ व्हायला लागली. मग भावजयीनं वाकून फळीच्या पार मागे हात घातला, पान्यानं काहीतरी दोन आटे फिरवलं आणि ओढलं.

इंजिन बंद पडलं.

ताई धावतच आली. भावजयीच्या हातात एक बोल्ट होता. विमान लाकडाचं, त्यामुळे विजेला बॅटरीकडे परत जायला धातूचं अंग नव्हतं. परतीच्या सगळ्या तारा ताईनं एका पितळी पट्टीवर आणल्या होत्या, कारखान्यात आणायची तशाच, नीटनेटक्या, एका ओळीत. आणि ती पट्टी एका बोल्टनं एका जाड तारेला जोडलेली. जाण्याच्या वाटा दोन आणि परतीची एकच! भिंतीवरच्या कागदावर प्रत्येक स्विच होता, प्रत्येक फ्यूज होता, बोल्ट नव्हता. बोल्ट कधी मरतो असं तिच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

भावजय भेदरली होती. "वन्सं, मी काही मोडलं का?"

ताईनं तिचे दोन्ही गाल धरले. "मोडलंस? अगं, तू त्याला वाचवलंस!" आणि ही नाकावर माशी बसू न देणारी बाई, आपली चूक सगळ्यांसमोर पकडली गेलेली असताना, खदाखदा हसायला लागली. भावाला वाटलं बहिणीचं डोकं फिरलं. पण ताईला खरोखरच इतका आनंद झाला होता. चूक सापडली होती, तीही जमिनीवर, आणि सगळे धडधाकट उभे होते.

दोन पट्ट्या झाल्या, दोन बोल्ट, दोन जाड तारा, दोन वेगळ्या जागी. पुढच्या रविवारी भावजय पुन्हा पाना घेऊन बसली. आता तिच्या अंगात शत्रू पुरता संचारला होता. तासभर ती उपटत होती, सोडत होती, ओढत होती. एका वेळी एकच गोष्ट काढायची एवढाच नियम, बाकी तिला रान मोकळं. इंजिन काही केल्या बंद पडेना. शेवटी घामाघूम होऊन तिनं पाना मांडीवर टाकला आणि ओरडून विचारलं, "वन्सं, आता हे मेलं बंद करायचं तरी कसं?"

"दोन्ही स्विच बंद कर!" ताई बाहेरून ओरडली.

इंजिन शांत झालं. भावजयीनं पाना पिशवीत टाकला. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "उडा."

क्लबाचा तपासनीस कडक माणूस. कुणाच्याही विमानात निदान दहा चुका काढल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. त्यानं ताईचा भिंतीवरचा कागद, ज्यावर आता प्रत्येक भागापुढे तो काढल्यावर काय झालं ते लिहिलेलं होतं, उतरवून टेबलावर पसरला आणि सगळा वाचला. मग एवढंच विचारलं, "हे परीक्षेचं काम कुणी केलं?" ताईनं भावजयीकडे बोट दाखवलं. तपासनिसानं तिलाही सही करायला लावली.

पहिल्या उड्डाणाच्या सकाळी वारा पडलेला होता. ताई मैदानाच्या कडेला उभी, हातात विमानाशी बोलायचा छोटा रेडिओ, कानात त्याची गुंडी, म्हणजे भावाचं बोलणं तिला एकटीलाच ऐकू यावं. शेजारी भावजय. भाऊ धावपट्टीवरून सुटला, विमान हलकंच उचललं गेलं, आणि नऊ वर्षं शेडमध्ये बसलेलं लाकूड बघता बघता झाडांच्या वर गेलं. भावजयीनं तोंडावर हात ठेवला. ताईनं काही ठेवलं नाही, ती फक्त ऐकत होती.

मैदानाभोवती तिसरी फेरी चालू होती. इंजिनाचा सूर किंचित उतरला. इतका किंचित, की तो ताईलाच ऐकू आला. तिनं कानातली गुंडी बोटानं दाबून धरली.

कानात भावाचा आवाज आला. "ताई, लाल दिवा लागलाय. पहिली वाट गेली."

तिच्या तोंडात हजार शब्द आले. तिनं ते सगळे गिळले आणि हळूच विचारलं, "मग काय करतोयस?"

"पहिली ओळ. काहीही करत नाहीये." थोडं थांबून तो म्हणाला, "इंजिन झकास चाललंय, ताई. दुसरी ओळ वाचतो. पहिल्या वाटेचा स्विच बंद केला. तिसरी. परत येतोय. घाई नाही."

घाई खरंच नव्हती. त्यानं रुंद वळण घेतलं, पंख उन्हात चमकले, आणि तो इतक्या सावकाश उतरत आला की कुंपणापाशी उभ्या असलेल्या क्लबातल्या चार लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाकं टेकली. विमान इंजिन चालू ठेवूनच त्यांच्यासमोर येऊन उभं राहिलं, आणि भावानं दोन्ही स्विच आपल्या हातानं बंद केले. ताईनं फळीमागे हात घातला आणि पहिल्या वाटेवरचा रिले, म्हणजे वीज जोडणारी काळी डबी, बाहेर काढला. कोऱ्या डब्यातून आणलेला, दोनदा तपासलेला. हलवला तर आत खुळखुळ वाजला. आतली तार जळून तुटली होती.

ताईनं तो भावजयीच्या हातात ठेवला. "हा वर असताना मेला."

"कधी?"

"तिसऱ्या फेरीला."

भावजयीनं त्या काळ्या डबीकडे पाहिलं, विमानाकडे पाहिलं, झाकण उघडून लहान मुलासारखा उड्या मारत उतरणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं. "पण वन्सं," ती म्हणाली, "मी सगळा वेळ इथंच उभी होते. मला तर काहीच कळलं नाही."

यावर फ्यूजताई रडली. सगळ्यांसमोर, मैदानात, हमसून हमसून रडली आणि रडता रडता भावजयीला म्हणाली, "पुन्हा म्हण गं. पुन्हा एकदा म्हण."